जिन्याखालची पत्रं

दुपारची भांडी उरकली असतील तर बसा, नसतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही तुम्हाला एका व्यापाऱ्याच्या घरात नेणार आहोत. घर लांबचं आहे, इटली देशातलं. काळही लांबचा, सहाशे वर्षांपूर्वीचा. पण त्या घरात शिरलात की चूल, कोठी, किल्ल्या, नवऱ्याची कटकट आणि हिशेबाची वही, सगळं ओळखीचंच दिसेल.

गावाचं नाव प्रातो. फ्लॉरेन्स नावाच्या मोठ्या शहरापासून साधारण सोळा-सतरा किलोमीटरवर. बिझेंत्सियो नदीच्या काठचं, लोकरीच्या कापडावर जगणारं गाव. आपल्याकडे इचलकरंजीत नाहीतर मालेगावात जसा मागाचा आवाज, तसं तिथे लोकर धुणं, पिंजणं, कातणं, विणणं, रंगवणं. कातायचं काम गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायकांकडे. व्यापाऱ्याचा माणूस लोकर घरी आणून टाकायचा आणि सूत झालं की वजनावर पैसे मोजून न्यायचा. आमच्या गटातल्या ज्या पूर्वी विड्या वळायच्या, त्या हे वाचताच म्हणाल्या, कळलं, पुढे सांगा.

या प्रातोत १३३५च्या सुमारास फ्रान्चेस्को दातीनी जन्मला. बाप मार्को, खानावळ आणि दारूचा गुत्ता चालवणारा. १३४८ साली युरोपात प्लेगची मोठी साथ आली. त्या एका वर्षात फ्रान्चेस्कोचे आई, बाप आणि दोन भावंडं गेली. उरले तो आणि त्याचा भाऊ. पोरं तेरा वर्षांच्या आतबाहेरची. पिएरा नावाच्या बाईने त्यांना सांभाळलं. फ्रान्चेस्को पुढे परदेशातून तिला पत्रं लिहायचा, ती आई म्हणून. पोटच्या पोराने जेवढी आठवण ठेवावी तेवढी त्याने ठेवली, हे त्याच्या बाजूने आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याबद्दल काही बरं नसलेलंही सांगायचं आहे.

पंधराव्या वर्षी, म्हणजे १३५० साली, तो फ्रान्समधल्या आव्हिन्यों गावी गेला. तेव्हा ख्रिस्ती धर्माचे मोठे गुरू पोप रोमला नाही, तिथे राहायचे. जिथे गादी तिथे गर्दी, आणि जिथे गर्दी तिथे गिऱ्हाईक. वडिलांच्या जमिनीचा तुकडा विकून आलेले दीडशे फ्लोरिन, एवढंच त्याचं भांडवल. फ्लोरिन म्हणजे फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं. आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग भागीदारीत, मग स्वतःचं दुकान. चिलखतं, तलवारी, मीठ, कापड, चांदीची भांडी, देवाच्या तसबिरी, जे खपेल ते. हत्यारं तर त्याने लुटारू सैन्यालाही विकली आणि त्या सैन्यापासून गाव राखणाऱ्यांनाही. व्यापाऱ्याला दोन्हीकडचं गिऱ्हाईक सारखंच.

त्याच्या वह्यांच्या पहिल्या पानावर देवाचं नाव लिहिलेलं असे आणि त्याला लागूनच नफ्याचं. आम्हाला यात काही नवल वाटलं नाही. आपल्याकडेही दिवाळीला चोपडीपूजन झालं की वहीवर शुभ आणि लाभ शेजारी शेजारीच लिहितात ना!

चाळिशीला आला तरी याचं लग्न नव्हतं. गावाकडून निरोपावर निरोप, घरी ये, लग्न कर. शेवटी १३७६ साली त्याने आव्हिन्योंमध्येच लग्न केलं. मुलगी मार्गेरीता, सोळा वर्षांची. घराणं फ्लॉरेन्सचं, मानाचं, पण उतरलेलं. फ्लॉरेन्सच्या सत्तेविरुद्ध कट केला म्हणून तिच्या वडिलांचं डोकं उडवलं होतं आणि मालमत्ता सरकारजमा झाली होती. आई लेकरांना घेऊन परमुलखात येऊन राहिली होती. अशा घरात मुलीबरोबर द्यायला काय असणार? फ्रान्चेस्कोने हुंडा घेतला नाही. तिथेही तेव्हा हुंड्याशिवाय मुलगी उजवत नसे, म्हणून ही गोष्ट ध्यानात ठेवा. घराण्याचं नाव तिच्याकडे, पैसा त्याच्याकडे. या बोलीवर संसार सुरू झाला आणि पुढची चौतीस वर्षं दोघांनी एकमेकांना ती बोली विसरू दिली नाही.

१३८२च्या डिसेंबरात त्यांनी बिऱ्हाड हलवलं. घोडी, खेचरं, माणसं असा लवाजमा घेऊन, आल्प्सचे डोंगर ओलांडून, तेहतीस दिवसांचा प्रवास करून ते प्रातोला पोहोचले. तिथे फ्रान्चेस्कोने मोठा वाडा बांधला. गावाने तोंडात बोट घालावं असा. धंदाही वाढला. पिसा, फ्लॉरेन्स, जिनोव्हा, समुद्रापलीकडे बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का, शिवाय जुनं आव्हिन्योंचं दुकान होतंच. सगळीकडे पेढ्या, सगळीकडे मुनीम आणि भागीदार. रोख पैसा समुद्रातून पाठवण्यापेक्षा हुंडी पाठवायची, जहाजावरच्या मालाचा विमा उतरवायचा, हे सगळं तो करत होता. तरीही झोप नाही. कुठलं जहाज बुडालं, कुठला भागीदार फसवतोय, याच विचारात मध्यरात्र उलटेपर्यंत पत्रं लिहीत बसायचा.

आणि आता खरी गोष्ट. घर प्रातोत, पण धंद्यासाठी नवरा बहुतेक वेळ फ्लॉरेन्सला. कधी उलट, तो प्रातोत आणि ती फ्लॉरेन्सला. मग दोघांत पत्रं सुरू झाली. आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन. सोबत माल. प्रातोतून शहराकडे भाकऱ्या म्हणजे त्यांचा पाव, भाजी, अंडी, कोंबड्या, धुतलेले कपडे. शहरातून इकडे मासळी, मसाले आणि रिकाम्या पोती-टोपल्या. आपल्याकडची मुंबईला जाणारी एसटी आणि डब्यांची पिशवी आठवा, तसंच.

नवऱ्याच्या पत्रात काय असायचं? तर हुकूम. खेचराचे पाय धुतले का. या पिंपातली द्राक्षाची दारू त्या पिंपात ओतली का. खराब झालेलं धान्य घोड्याला घाल. रात्री लवकर निजा, सकाळी तू स्वतः उठल्याशिवाय बाहेरचं दार उघडू देऊ नको. किल्ल्या कोणाकडे आहेत? एवढा मोठा सावकार, स्पेनपर्यंत पेढ्या, पण जीव सगळा पिंपात आणि किल्लीत अडकलेला.

मार्गेरीता गप्प ऐकून घेणारी नव्हती. वाड्यात मोलकरणी, गडी, गुलाम, पाहुणे, गवंडी, कातकामाच्या बायका, पैसे मागायला आलेले, पैसे द्यायला टाळणारे, सगळा राबता तिच्या हातावर. नवरा नसताना येणी वसूल करायला माणसं तीच पाठवायची, हिशेब तीच कळवायची. आणि पत्रात सुनवायचीही. तुम्ही किती वर्षं म्हणताय की आता धंदा कमी करीन, देवाचं नाव घेईन, नीट जेवीन, वेळेवर निजेन, काय केलंत? अशा अर्थाचं ती पुन्हा पुन्हा लिहिते. एकदा तर तिने लिहिलं की आपल्या अंगात आईकडच्या गेरार्दीनी घराण्याचं थोडं रक्त आहे, तुमच्या अंगात कोणाचं आहे ते मला ठाऊक नाही. खानावळवाल्याच्या मुलाला हे वाचून काय झालं असेल, याचा विचार करा. पण त्याने ते पत्र फाडलं नाही. जपून ठेवलं.

सुरुवातीची ही सगळी पत्रं मार्गेरीताने दुसऱ्याकडून लिहून घेतलेली होती. ती बोलायची, वाड्यातला कोणी कारकून लिहायचा. तिला फारसं लिहिता येत नव्हतं. मनातलं बोलायचं तेही परक्या पुरुषासमोर. नवऱ्यावरचा राग, पोटातलं दुखणं, सगळं आधी कारकुनाच्या कानात आणि मग कागदावर. एकदा तिचं पत्र इतकं नेटकं आणि धारदार होतं की नवऱ्याला शंका आली, हे हिचे शब्द नसणार, कोणीतरी पुरुषाने सांगितलं असणार. तिला हा अपमान झोंबला. तिने उलट टपाली तसं कळवलंही.

पत्रातली ही जागा वाचल्यावर आमच्या खोलीत सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि ध्वनिमुद्रण थांबवावं लागलं. आमच्यातल्या एका गटाने एका बँकेत कर्जाचा अर्ज दिला होता. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, हे कोणत्या सरांनी लिहून दिलं? अर्ज आमच्याच सचिव ताईंनी लिहिलेला होता.

मार्गेरीता पुढे लिहायला शिकली. वयाच्या पस्तिशीच्या सुमारास. तो काळ असा की पस्तिशीत बाई म्हातारी धरत. सेर लापो मात्सेई नावाचे नोटरी, म्हणजे दस्तऐवज लिहिणारे गृहस्थ, नवऱ्याचे जिवलग मित्र होते. त्यांनी तिला उत्तेजन दिलं, आणि ज्या वयात लोक शिकलेलं विसरतात त्या वयात ही शिकली म्हणून तिचं कौतुकही केलं. मग काही पत्रं तिने स्वतःच्या हाताने लिहिली. अक्षर कारकुनासारखं वळणदार नाही. पण मधे कोणी नाही. पुढेही दगदगीमुळे ती बरीचशी पत्रं सांगूनच लिहून घ्यायची, हेही खरं. शिकलं म्हणजे रोज वेळ मिळतो असं थोडंच आहे? तिच्याजवळ बहिणीची मुलगी तीना राहायला होती. तिला मात्र तिने लहानपणीच वाचायला शिकवलं.

आता जरा अवघड भाग. पोरांना बाहेर पाठवा म्हणत नाही, पण तुम्ही नीट ऐका.

मार्गेरीताला मूल झालं नाही. लग्नानंतर वर्षामागून वर्षं गेली. नवऱ्याचे मित्र पत्रांतून विचारायचे, बहीण उपाय कळवायची. एक लेप होता, पोटावर बांधायचा, पण त्याला इतका घाणेरडा वास की काही नवऱ्यांनी तो उचलून फेकून दिला म्हणे. एक पट्टा होता, मंत्र लिहिलेला. तो लहान मुलाच्या हातून कमरेला बांधून घ्यायचा. ही तोड सांगणाऱ्या मेव्हण्यानेच पुढे लिहिलं होतं की त्यापेक्षा तीन शुक्रवार तीन भिकाऱ्यांना जेवू घातलं तर जास्त उपयोग होईल, बायकांचं बोलणं फार मनावर घेऊ नका. वांझ या शब्दाचा काटा कुठे कुठे बोचतो ते आम्ही तुम्हाला काय सांगायचं.

त्यात नवऱ्याचं बाहेर लक्ष. बाहेर तरी कशाला, घरातच. १३८७ साली वाड्यातल्या एका तरुण मोलकरणीला त्याच्यापासून मुलगा झाला. तिचं घाईघाईने दुसऱ्याशी लग्न लावून दिलं. तो मुलगा काही महिन्यांतच दगावला. मग १३९२ साली लुचियाला मुलगी झाली. लुचिया वीस वर्षांची होती, आणि गुलाम होती.

गुलाम म्हटलं की आपल्याला अमेरिकेतल्या शेतांवर राबणारे लोक आठवतात. पण तेव्हा इटलीतल्या चांगल्या चांगल्या घरांत विकत घेतलेल्या मुली होत्या. प्लेगने माणसं मेली, कामाला हात मिळेनात. फ्लॉरेन्सने १३६३ साली कायदा करून गुलाम आणायला परवानगी दिली. अट एकच, जन्माने ख्रिस्ती नकोत. मग काळ्या समुद्राच्या बाजूने तार्तार आणि इतर लोकांच्या मुली जहाजाने येऊ लागल्या. बहुतेक पोरसवदा. फ्रान्चेस्कोने स्वतः जिनोव्हाला पत्र लिहून आठ-दहा वर्षांची मुलगी मागवली होती. अंगाने दणकट हवी, भांडी घासायला, लाकडं आणि पाव वाहून न्यायला. कापडाची मागणी लिहावी तशी ही मागणी लिहिली आहे. बाजारात तरुण गुलाम मुलीची किंमत साधारण पन्नास-साठ फ्लोरिन, कधी त्याहून जास्त.

लुचियाची मुलगी म्हणजे जिनेव्रा. ती आधी दाईकडे वाढायला दिली होती. लुचियाला गुलामीतून सोडवून वाड्यातल्याच नान्नी नावाच्या नोकराशी तिचं लग्न लावलं आणि ती त्याच घरच्या कामात राहिली. जिनेव्रा सहा वर्षांची झाल्यावर तिला वाड्यात आणलं. आणि मार्गेरीताने तिला लेक म्हणून वाढवलं. नुसतं नाइलाजाने नाही. पत्रांत तिच्या आजारपणाची काळजी आहे, कपड्यांची हौस आहे, हिला जीव लावलाय हे लपत नाही. हिशेबाच्या वहीत जिनेव्राला वाचायला शिकवणाऱ्या बाईच्या पगाराची नोंद आहे. १४०७ साली जिनेव्राचं लग्न झालं. फ्रान्चेस्कोने तिला एक हजार फ्लोरिन हुंडा दिला. जेवणावळी, किरमिजी पोशाख, सगळं थाटात. ज्याने स्वतः हुंडा घेतला नव्हता त्याने देताना हात आखडला नाही.

इथे आमच्यात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, मार्गेरीताचं मन मोठं. सवतीची म्हणावी अशी पोर, तीही नवऱ्याने फसवून झालेली, पण पदराखाली घेतली. दुसऱ्या म्हणाल्या, आणि लुचिया? तिची लेक त्याच वाड्यात मालकिणीला आई म्हणत मोठी झाली आणि ही तिथेच पाणी भरत, धुणं धूत राहिली. लेकीचा हुंडा हजार फ्लोरिन, आणि आईसारख्या मुली पन्नास-साठाला बाजारात. एक जण म्हणाली, लुचियाला कोणी विचारलं का? नाही विचारलं. मार्गेरीताची अडीचशेच्या आसपास पत्रं शिल्लक आहेत. लुचियाचं नाव त्या पत्रांत येतं, कुठल्या ना कुठल्या कामासाठी. तिचं स्वतःचं पत्र एकही नाही. आमचा वाद मिटला नाही आणि आम्ही तो मिटवणारही नाही. आम्हाला मार्गेरीता आवडते, पण तिच्या हातातही किल्ल्या होत्या.

फ्रान्चेस्कोचं पुढचं थोडक्यात सांगतो. १३९९ साली पुन्हा साथीची भीती पसरली तेव्हा पांढरे कपडे घालून, अनवाणी, प्रायश्चित्त म्हणून चालत जाणाऱ्या लोकांची मोठी दिंडी निघाली. साठी उलटलेला हा सावकारही त्यात चालला. पण दिंडीमागे त्याची घोडी-खेचरं होती, आणि त्यांवर पाव, चीज असा शिधा लादलेला. वारीतल्या दिंडीमागे ट्रक असतो तसा. आम्हाला हसू आलं, पण चालला हे खरं. पुढच्या वर्षी प्लेग आलाच. सगळं घर खेचरांवर घालून तो बोलोन्याला जाऊन राहिला आणि वाचला. त्याच्या पेढ्यांवरचे कितीतरी भागीदार आणि मित्र मात्र गेले. हिशेब सांगायला माणूसच उरला नाही अशी अवस्था झाली.

लापो मात्सेई त्याच्या मागे लागले होते, एवढं कोणासाठी जमवतोस, गरिबांसाठी ठेव. १६ ऑगस्ट १४१० रोजी फ्रान्चेस्को वारला. आपल्यालाही मरण येणार याचं त्याला शेवटपर्यंत नवल वाटत होतं, असं मात्सेईंनी लिहून ठेवलं आहे. त्याची मालमत्ता सुमारे सत्तर हजार फ्लोरिनची होती. त्यातली बहुतेक सगळी प्रातोच्या गरिबांसाठी संस्था काढायला दिली. वाडाही संस्थेलाच. आणि अट घातली की कारभार गावाच्या लोकांनी पाहायचा, धर्मगुरूंनी त्यात हात घालायचा नाही. हजार फ्लोरिन फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या लेकरांसाठी आश्रम बांधायला ठेवले. तिथला इनोचेंती नावाचा प्रसिद्ध बालकाश्रम त्या पैशातून सुरू झाला. टाकलेल्या लेकरांत कितीतरी कोणाची? लुचियासारख्यांचीच. घरातल्या गुलामांना त्याने मृत्युपत्रात मोकळं केलं.

मार्गेरीताला काय मिळालं? वर्षाला शंभर फ्लोरिन, राहायला घर आणि वापराच्या वस्तू. चौतीस वर्षं कोठी, किल्ल्या आणि वसुली सांभाळलेल्या बाईच्या वाट्याला एवढं. त्या काळच्या मानाने हे बरंच होतं, असं आमच्या गटातली एक म्हणाली. सातबारावर नाव किती जणींचं आहे, असं दुसरीने विचारलं तेव्हा पहिली गप्प बसली. मार्गेरीता पुढे तेरा वर्षं जगली. १४२३ साली गेली. फ्लॉरेन्सला तिला पुरलं.

आता तुम्ही विचाराल, सहाशे वर्षांपूर्वीचं नवरा-बायकोचं भांडण तुम्हाला कसं कळलं? तर या माणसाने आयुष्यात आलेला कागद टाकला नाही. दुकानाची पत्रं, घरची पत्रं, वह्या, हुंड्या, विम्याचे कागद, सगळं ठेवलं. ते त्या वाड्यातच पोत्यांत भरून एका जिन्याखालच्या कोनाड्यात पडून राहिलं. साडेचारशे वर्षं. वरून माणसं जिना चढत-उतरत होती. १८७० साली कोणीतरी तिथे हात घातला तेव्हा धूळ झटकून निघाली सुमारे दीड लाख पत्रं आणि पाचशेहून जास्त हिशेबाच्या वह्या. काही कागद उंदरांनी आणि किड्यांनी कुरतडलेले, बाकी चांगले. राजे-महाराजांच्या लढायांचं पुष्कळ लिहिलेलं असतं. पण एका व्यापाऱ्याच्या घरात कोणत्या दिवशी किती अंडी पाठवली हे एवढं तपशिलाने जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं.

ते कागद आजही त्याच वाड्यात आहेत, सरकारी दप्तर म्हणून. अभ्यासक जातात, वाचतात. मार्गेरीताची पत्रं छापून झाली आहेत. कारकुनांच्या देखण्या अक्षरांच्या गठ्ठ्यात मधेच तिच्या हातची पत्रं लागतात. अक्षर मोठं, जरा वाकडंतिकडं. विषय नेहमीचाच. पाव पाठवला आहे, टोपली परत पाठवा.